रोहू आणि मृगळ कसे ओळखावेत

तलावातून ओढजाळे काठाला आले की कटला ओळखायला कुणालाच वेळ लागत नाही. मोठे डोके, वर वळलेले तोंड, पुढे आलेला खालचा जबडा यांवरून तो लांबूनही कळतो. अडचण उरते ती बाकीच्या दोघांची. रोहू आणि मृगळ एकाच पाण्यात वाढतात आणि एकाच जाळ्यात येतात. दोघांच्या पाठी काळसर, बाजू चंदेरी, शेपटीही दोघांची खोल दुभंगलेली. अर्धा किलोच्या आतले असतील तर रोज मासे हाताळणारा माणूससुद्धा घाईत एकाला दुसऱ्याचे नाव देतो. गळाने मासे धरणाऱ्यांत तर हा गोंधळ आणखी जास्त, कारण त्यांच्या हातात एका वेळी एकच मासा असतो आणि शेजारी ठेवून तुलना करायला दुसरा नसतो.

शेततळेवाल्यासाठी हा फरक पैशाचा आहे. आपल्याकडच्या मिश्र मत्स्यशेतीची सगळी मांडणी पाण्याच्या थरांवर उभी आहे. कटला वरच्या थरातले खातो, रोहू मधल्या थरातले आणि मृगळ तळाचे. तीनच जाती सोडायच्या असतील तर कटला, रोहू आणि मृगळ 4:3:3 असे प्रमाण बऱ्याच ठिकाणी धरतात. रोहू म्हणून घेतलेल्या बोटुकलीत, म्हणजे बोटाएवढ्या पिल्लांत, अर्धी मृगळ निघाली, तर तळावर गर्दी होते, मधल्या थरातले अन्न वाया जाते आणि मृगळाची वाढ खुंटते. वर्षाअखेरीस वजन कमी भरले की दोष खाद्याला किंवा पाण्याला दिला जातो. खरे कारण बीजाची पिशवी सोडली त्या दिवशीच तळ्यात गेलेले असते.

म्हणून ओळख नीट शिकून घ्यावी. ती अवघड नाही. फक्त बहुतेक लोक चुकीच्या जागी बघतात. नजर पहिल्यांदा रंगाकडे जाते, आणि या दोन माशांत रंगाइतकी फसवी खूण दुसरी नाही. खरी खूण तोंडाच्या खालच्या बाजूला आहे.

रंग का फसवतो

रोहूच्या खवल्यांवर तांबूस छटा असते. मोठ्या माशात प्रत्येक खवल्यावर लालसर ठिपका दिसतो आणि परांवरही तांबडेपणा असतो. मृगळ त्यापेक्षा फिका असतो, वरून राखाडी आणि खालून चंदेरी. पुस्तकातले वर्णन इतपत बरोबर आहे. पण पावसाळ्यात, विणीच्या दिवसांत, मृगळाच्या छातीच्या, पोटाच्या आणि शेपटीजवळच्या खालच्या परांची टोके नारिंगी होतात. त्या दिवसांत ‘लाल पर म्हणजे रोहू’ हा नियम लावला की हमखास चूक होते.

पाण्याचाही परिणाम असतो. गढूळ पाण्यातला रोहू फिका पडतो, तर स्वच्छ आणि पाणवनस्पतींनी भरलेल्या पाण्यातला मृगळ पाठीवर चांगलाच गडद होतो. बर्फात काही तास राहिलेल्या माशाच्या खवल्यांवरचा तांबूसपणा बराच उतरतो. जाळ्यात घासून खवले गळाले, तर उरलेल्या कातडीच्या रंगावरून काहीच सांगता येत नाही. रंगाने शंका घ्यायला हरकत नाही, निकाल मात्र त्यावर देऊ नये.

आधी ओठ

हात ओला करून मासा उचला, पोट वर करा आणि तोंडाची खालची बाजू उजेडात धरा. मासा जिवंत असेल आणि परत सोडायचा असेल तर हे पाण्याजवळच करा आणि पाऊण मिनिटाच्या आत आटपा. कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तिथे बुरशी धरते. कल्ल्यांत बोट घालून मासा लोंबकळत धरू नका. एक हात पोटाखाली आणि दुसरा शेपटीच्या देठाशी असा आधार द्या.

रोहूचे तोंड लहान असते. ते मुस्कटाच्या टोकाला नसते, खाली असते. मुस्कट तोंडाच्या पुढे आलेले असल्यामुळे बाजूने पाहिले तर तोंडाचा काही भाग झाकल्यासारखा वाटतो. ओठ जाड आणि मांसल असतात आणि त्यांच्या कडेला बारीक झालर असते, टॉवेलच्या काठाला दशा असतात तशी. ओठ बोटाने किंचित मागे सारला तर आत आणखी एक घडी स्पष्ट दिसते. वरचा आणि खालचा ओठ तोंडाच्या कोपऱ्यात वळून एकमेकांत मिसळतात.

मृगळाचे तोंड रुंद आणि आडवे असते. मुस्कट बोथट आणि गोलसर, त्यावर अनेकदा बारीक छिद्रे दिसतात. ओठ पातळ असतात आणि त्यांना झालर अजिबात नसते. वरच्या ओठाची कड सलग आणि साधी असते, पण कोपऱ्यातून वळून ती खालच्या ओठात मिसळत नाही. खालचा ओठ तर जवळजवळ नसल्यासारखाच असतो, नुसती जबड्याची कड हाताला लागते. तोंड उघडून खालच्या जबड्याच्या मध्यावर आत पाहिले तर एक बारीक गाठ सापडते. ती मोठ्या माशात चांगली दिसते, लहानात शोधावी लागते.

या सगळ्या खुणांतली एकच लक्षात ठेवायची असेल तर झालर लक्षात ठेवा. जाड, झालरीचा ओठ म्हणजे रोहू. पातळ, साधा ओठ म्हणजे मृगळ. हातभर मासा असो वा दोन इंचांची बोटुकली, खूण तीच. लहान असेल तर भिंग लागते एवढेच.

ही खूण वाचताना तीन गोष्टी आड येतात. पहिली म्हणजे ओठ वाळणे. मासा पाण्याबाहेर अर्धा तास राहिला की झालर आक्रसते, ओठाला चिकटते आणि रोहूचा ओठ साधा वाटू लागतो. अशा वेळी माशाचे तोंड वाटीभर पाण्यात थोडा वेळ बुडवून ठेवा. झालर फुलून पुन्हा वेगळी दिसते. दुसरी म्हणजे चिकट स्राव. मेलेल्या माशाच्या तोंडावर तो साचतो, त्यामुळे पाहण्याआधी तोंड धुवून घ्या. तिसरी सगळ्यात फसवी. गळाने किंवा जाळ्याच्या दोऱ्याने मृगळाचा ओठ फाटतो आणि फाटलेली कड झालरीसारखी दिसते. खरी झालर ओठाच्या सगळ्या लांबीवर दोन्ही बाजूंना सारखी असते. फाटलेला ओठ एकाच जागी, वाकडातिकडा आणि बहुधा रक्ताळलेला असतो. मासा ताठरलेला असेल तर जबडा जोराने उघडू नका. त्यानेही ओठ फाटतो आणि तुम्हीच खोटी खूण तयार करता.

ओठांचा हा फरक कुठून आला ते समजले की तो विसरत नाही. दोन्ही माशांच्या जबड्यात दात नसतात, दात असतात ते घशात. त्यामुळे अन्न गोळा करण्याचे काम ओठांवरच येते. मोठा रोहू दगडांवर, पाण्यातल्या काड्यांवर आणि वनस्पतींच्या देठांवर साचलेला शेवाळाचा थर खरवडून खातो, कुजत चाललेला पालाही खातो. जाड ओठ आणि झालर या खरवडण्यासाठीच आहेत. मृगळ तळाशी फिरतो आणि कुजलेले सेंद्रिय अन्न गाळासकट उचलतो. त्याच्या आतड्यात चिखल आणि वाळूही सापडते. त्याला झालर नको, रुंद तोंड हवे. पिल्लं असताना मात्र दोघेही पाण्यातले सूक्ष्म प्राणी खातात, त्यामुळे त्या वयात कोण कुठल्या थरात दिसतो यावरून जात ठरवता येत नाही.

मिशा असतात, पण कुठे?

‘मिशा आहेत म्हणजे मृगळ’ असे अनेक जण सांगतात. हे अर्धवट आहे, कारण मिशा दोघांनाही असतात. मृगळाला एकच आखूड जोडी असते आणि ती मुस्कटावर, वरच्या ओठाच्या पुढच्या बाजूला असते. रोहूची बारीक जोडी तोंडाच्या कोपऱ्याशी असते आणि तिथल्या खाचेत दडलेली असते. खाच बोटाने ताणल्याशिवाय ती दिसत नाही, म्हणून रोहूला मिशाच नाहीत असे वाटते.

तेव्हा मिशा आहेत की नाहीत हा प्रश्न सोडून द्या. त्या कुठे उगवतात ते पाहा. त्या तुटूही शकतात. जाळ्यात घासलेल्या माशाची एका बाजूची मिशी गेलेली असणे नवल नाही, म्हणून दोन्ही बाजू तपासा. ओठ आणि मिशांची जागा या दोन खुणा एकमेकींना दुजोरा देत असतील तर तुमचे उत्तर पक्के आहे.

अंगकाठी

रोहूची पाठ पोटापेक्षा जास्त कमानदार असते आणि मध्ये शरीर भरलेले दिसते. मृगळ लांबट आणि निमुळता असतो, त्याची पाठ आणि पोट यांच्या रेषा त्यामानाने सरळ जातात. मृगळाचा पृष्ठपर, म्हणजे पाठीवरचा पर, पूर्ण उभारला तर त्याची उंची जवळपास शरीराच्या उंचीइतकी भरते. एकाच लांबीचे दोन मासे शेजारी ठेवले तर हे सगळे झटकन कळते.

पण मासा एकटाच असेल तर अंगकाठीवर फार विसंबू नका. जून ते ऑगस्टमध्ये अंड्यांनी भरलेली मृगळाची मादी चांगली रुंद दिसते. उपाशी राहिलेला किंवा दाटीत वाढलेला रोहू सडपातळ होतो आणि त्याचे डोके मोठे वाटू लागते. आकारावरूनही ठरवता येत नाही. चांगल्या तळ्यात पहिल्या वर्षात रोहू साधारण 700 ते 800 ग्रॅम आणि मृगळ 600 ते 700 ग्रॅम होतो. हा फरक इतका कमी आहे की एका माशाच्या बाबतीत तो शून्यच समजावा. खूप मोठा मासा असेल तर मात्र वजन थोडे बोलते. मृगळ साधारण मीटरभर लांबीपर्यंत जातो आणि त्याचे नोंदलेले वजन 12 किलोच्या आसपास थांबते, रोहू त्याहून कितीतरी मोठा होऊ शकतो.

खवले मोजून काय मिळते?

या दोघांत काहीच नाही. बाजूने जाणाऱ्या पार्श्वरेषेवर रोहूचे 40 ते 44 खवले असतात आणि मृगळाचे 40 ते 45. पृष्ठपराला आधार देणाऱ्या काड्यांपैकी फाटे फुटलेल्या काड्या, म्हणजे किरण, रोहूत 12 ते 14 आणि मृगळात 12 किंवा 13. आकडे एकमेकांवर चढतात. मोजणी कितीही काळजीने केली तरी 42 खवले आणि 13 किरण असलेला मासा दोन्हींपैकी कुणीही असू शकतो. अनेक तक्त्यांत हे आकडे ओळखीच्या खुणा म्हणून छापलेले असतात, त्यामुळे वाचणारा तासभर खवले मोजत बसतो आणि ओठाकडे बघतच नाही.

तिसऱ्याच माशाला यादीतून काढायला मात्र हे आकडे फार उपयोगी पडतात. गवत्या मासा नवख्याला हमखास मृगळ वाटतो, कारण तोही लांबट, गोल अंगाचा आणि चंदेरी असतो. त्याच्या पृष्ठपरात फाटे फुटलेले फक्त 7 किरण असतात, म्हणजे पर अगदी आखूड दिसतो. तोंड मुस्कटाच्या टोकाला असते आणि मिशा मुळीच नसतात. सायप्रिनसचा, म्हणजे कॉमन कार्पचा, पृष्ठपर उलट पाठीवर लांबवर पसरलेला असतो, त्याच्या सुरुवातीला करवतीसारखी धार असलेला कडक काटा असतो आणि मिशांच्या दोन ठळक जोड्या असतात. काटा बोटाला लागला की प्रश्नच मिटतो.

कलबासू हा रोहूचा जवळचा नातेवाईक आणि त्याचेही ओठ झालरीचे, म्हणून इथे ओठाची खूण एकटी पुरत नाही. कलबासू सगळा काळपट असतो, परही काळे, आणि त्याच्या काळ्या मिशांच्या दोन जोड्या न शोधता दिसतात. रेबा मृगळासारखा दिसतो पण छोटाच राहतो. त्याच्या पार्श्वरेषेवर 40 पेक्षा कमी खवले असतात. मृगळ समजून घेतलेली बोटुकली कितीही खाऊ घातली तरी वाढत नसेल, तर एकदा खवले मोजून पाहावेत. या ठिकाणी मोजणीचे चीज होते.

बोटुकली आणि त्याहून लहान

सगळ्यात जास्त नुकसान इथल्या चुकीने होते, म्हणून इथे थोडे थांबू.

1957 साली 10 जुलैला ओडिशात हिरालाल चौधरी आणि के. एच. अलीकुन्ही यांनी या जातींच्या माशांना मेंदूखालच्या पियुषिका ग्रंथीच्या अर्काचे इंजेक्शन देऊन वीण घडवून दाखवली. त्याच दिवसाची आठवण म्हणून 10 जुलै हा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन पाळतात. हे मासे साचलेल्या पाण्यात आपण होऊन वीत नाहीत, त्यांना पावसाळ्यातले वाहते पाणी लागते. म्हणून त्याआधी बीज नदीतून गोळा करावे लागे आणि त्यात नको असलेल्या जातींची पिल्लेही भरपूर येत. बीज निवडणे हे त्या काळात वेगळे कसबच होते. आता बीज हॅचरीतून येते, म्हणून ते शुद्ध असणार असे आपण गृहीत धरतो. पण तिथेही संगोपन तळे नीट रिकामे न करता दुसरी जात सोडली, किंवा एकच जाळे न झटकता दोन तळ्यांत वापरले, की सरमिसळ होते. त्यात कुणाची लबाडी असेलच असे नाही.

मत्स्यजिरे, म्हणजे तीन-चार दिवसांची 6 ते 8 मिलिमीटरची पिल्ले, नुसत्या डोळ्यांनी ओळखता येत नाहीत. कुणी हंडीत हात फिरवून जात सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. मत्स्यबीज 20 ते 25 मिलिमीटरचे झाले की ओळख सुरू होते, आणि त्या वयात शेपटीच्या देठावरची खूण सगळ्यात कामाची आहे. रोहूच्या पिल्लाच्या शेपटीच्या देठावर रुंद काळसर आडवा पट्टा असतो. मृगळाच्या पिल्लाला त्याच जागी त्रिकोणी किंवा शंकरपाळ्याच्या आकाराचा काळा ठिपका असतो. कटल्याच्या पिल्लाला तिथे ठळक खूण नसते, पण त्याचे मोठे डोके तेव्हाही लपत नाही. मासा वाढत जातो तशी ही खूण पुसट होते, तोपर्यंत ओठ भिंगाखाली स्पष्ट दिसायला लागलेले असतात.

पाहणी अशी करा. बीज पिशवीतून तळ्यात सोडण्याआधी पांढऱ्या, उथळ भांड्यात त्याच पिशवीतले पाणी दोन बोटे घ्या. छोट्या गाळणीने 10 ते 15 पिल्ले काढा, सगळी एकदम काढू नका. काढल्याबरोबर पाहा. पांढऱ्या भांड्यात राहिली की पिल्ले स्वतःचा रंग फिका करतात आणि देठावरची खूण काही मिनिटांत अस्पष्ट होते. ही फार सामान्य चूक आहे: लोक भांड्यात पिल्ले काढतात, मग बोलत उभे राहतात, आणि पाहायला लागतात तेव्हा सगळीच ‘बिनखुणेची’ दिसतात. साधे दहापट मोठे दाखवणारे भिंग पुरते. मोबाइलने जवळून काढलेला फोटोही चालतो, तो मोठा करून सावकाश पाहता येतो.

एकाच पिशवीतून नमुना घेऊ नका. पाच-सहा वेगवेगळ्या पिशव्यांतून मिळून किमान 100 पिल्ले पाहिली तर मोजणीच थेट टक्केवारी देते. हाप्यातून, म्हणजे पाण्यात बांधलेल्या जाळीच्या पेटीतून, घेत असाल तर कडेची, मधली आणि तळाची अशी तिन्हीकडून घ्या, कारण जरा मोठी पिल्ले तळाला जातात आणि वरून घेतलेल्या नमुन्यात ती कमी येतात. कोणती जात किती निघाली ते कागदावर लिहून ठेवा. 100 पैकी 5 वेगळी निघाली तर ते चालवून घेता येते. 30 निघाली तर तो दुसराच माल आहे, आणि तो तळ्यात सोडण्याआधी परत देता येतो. तळ्यात गेल्यावर नाही.

दोन्हीकडच्या खुणा एकाच माशात दिसल्या तर

असे होते, आणि त्याचा दोष तुमच्या नजरेकडे नसतो. रोहू, कटला आणि मृगळ यांच्यात संकर होऊ शकतो. गोल सिमेंटच्या टाकीत इंजेक्शन दिलेले नर-मादी एकत्र सोडून वीण घेतात. नर कमी पडला म्हणून दुसऱ्या जातीचा नर त्याच टाकीत टाकला, किंवा दोन जातींची वीण एकाच टाकीत उरकली, की काही अंडी परक्या नराकडून फळतात. अशा पिल्लाचा ओठ मध्यम जाड असतो, झालर अर्धवट किंवा फक्त एका ओठाला असते, अंगकाठी धड इकडची नाही धड तिकडची नाही.

असा मासा खायला उत्तम असतो. त्याला रोहूत किंवा मृगळात मोजू नका, वेगळा रकाना करा. आणि पुढच्या वर्षीच्या विणीसाठी प्रजनक म्हणून तो कधीही ठेवू नका. संकरित मासा प्रजनकांत शिरला की त्याच्या पुढच्या पिढ्यांत खुणा हळूहळू मिसळत जातात आणि काही वर्षांनी त्या हॅचरीतला शुद्ध रोहू कोणता हे सांगणे अशक्य होते. नदीत किंवा जलाशयात असे बीज सोडले तर नुकसान परत भरून काढता येत नाही. हॅचरी चालवणाऱ्याने प्रत्येक प्रजनकाचा ओठ इंजेक्शनच्या आधी एकदा तपासावा. एका माशाला अर्धा मिनिटही लागत नाही.

‘जयंती’ रोहू संकरित आहे का, असे अनेक जण विचारतात. नाही. गोड्या पाण्यातल्या मत्स्यशेतीच्या भुवनेश्वर येथील केंद्रीय संस्थेने नॉर्वेच्या संशोधकांबरोबर 1992 पासून वेगवेगळ्या नद्यांतले रोहू एकत्र आणून, पिढ्यान्‌पिढ्या चांगली वाढ असलेले निवडून तो तयार केला. तो पूर्णपणे रोहूच आहे, ओठ आणि मिशा साध्या रोहूसारख्याच. नजरेने पाहून तो जयंती आहे की साधा हे सांगता येत नाही, म्हणून तो घेताना कागद पाहावा लागतो.

पाण्यात असताना

मासा हातात येण्याआधीही काही अंदाज बांधता येतो. ओढजाळ्यात कटला आणि रोहू चांगले येतात, मृगळ मात्र तळाला चिकटून राहतो आणि जाळ्याच्या खालच्या दोराखालून निसटतो. पाणी उतरवल्यावरच त्यातले बरेच सापडतात. त्यामुळे जाळ्यात मृगळ कमी आले म्हणून तळ्यात कमी आहेत असे समजू नका. खालच्या दोराला वजने पुरेशी आहेत का ते आधी पाहा आणि तळाचा अंदाज फेकजाळ्याने घ्या.

गळ लावणाऱ्यासाठी हिशेब साधा आहे. मळलेल्या पिठाची गोळी तळाला टेकलेली असेल तर मृगळ लागण्याची शक्यता वाढते, तळापासून हातभर वर फ्लोटखाली लटकत असेल तर रोहूची. पण रोहूही तळाला उतरतो, म्हणून गळ कुठे होता यावरून नाव ठरवू नका. दोघांचीही तोंडे खालच्या बाजूला असल्याने ते आमिष ओढून नेण्याऐवजी चाचपत उचलतात. फ्लोट आधी थरथरतो, मग सरकतो. गळ छोटा आणि धारदार ठेवला तर ओठाला इजा कमी होते, सोडलेला मासा जगतो आणि ओठाची खूणही वाचायला शाबूत राहते.

डोके नसलेला मासा

बाजारात तुकडे करून ठेवलेला मासा रोहू आहे की मृगळ हे खात्रीने सांगता येत नाही. खवल्यांवर स्पष्ट लालसर छटा असेल तर रोहूकडे कल द्यावा, एवढेच. मांसाचा रंग माशाच्या ताजेपणावर आणि खाद्यावर अवलंबून असतो, त्यावरून जात ठरत नाही. रोहूच हवा असेल तर मासा अख्खा निवडा, ओठ पाहा आणि मग समोर कापून घ्या.

कुणाला विचारायचे असेल तर

जाणकाराला मोबाइलवर फोटो पाठवताना बहुतेक जण मासा हातात धरून, समोरून एकच फोटो काढतात. त्यात ओठ दिसत नाही, पर मिटलेले असतात आणि कॅमेऱ्याकडे पुढे धरल्यामुळे मासा खऱ्यापेक्षा रुंद दिसतो. त्यावरून कुणीही खात्रीचे उत्तर देऊ शकत नाही. तीन फोटो काढा. पहिला तोंडाच्या खालच्या बाजूचा, ओठ ओले असताना, अगदी जवळून. दुसरा मुस्कटाचा आणि तोंडाच्या कोपऱ्याचा, मिशी कुठून निघते ते दिसेल असा. तिसरा सपाट जागेवर आडवा ठेवलेल्या पूर्ण माशाचा, पृष्ठपर बोटाने उभारून, शेजारी मोजपट्टी ठेवून. उन्हात खवले चकाकतात आणि ओठाचे बारकावे पुसले जातात, त्यामुळे फोटो सावलीत काढा आणि फ्लॅश बंद ठेवा. सोबत तारीख, पाण्याचे नाव आणि बीज कधी सोडले होते ते लिहा. विणीचे दिवस होते की नाही हे तारखेवरून कळते, आणि परांच्या रंगाला किती महत्त्व द्यायचे ते पाहणाऱ्याला ठरवता येते.